वळीव आणि ‘तुरळक ठिकाणें’

एप्रिल उजाडला कीं पुण्याच्या हवामानवृत्तांत एक वाक्य वरचेवर कानीं पडूं लागतें : दुपारपर्यंत आकाश निरभ्र राहील; त्यानंतर तुरळक ठिकाणीं मेघगर्जनेसह पाऊस पडण्याची शक्यता आहे. या वाक्यानें श्रोत्यांचें समाधान क्वचितच होतें. गच्चीवर कुरडया घालून बसलेल्या गृहिणीला हवें असतें तें एवढेंच, कीं पाऊस या गच्चीवर येणार कीं नाहीं. त्यांतून कोथरूडला गारा पडाव्या आणि हडपसरला धूळसुद्धां भिजूं नये असें घडलें, म्हणजे दोन्हीकडची मंडळी हवामानखात्याला नांवें ठेवावयास मोकळी होतात. वस्तुतः ‘तुरळक’ हा शब्द तेथें सबबीसाठीं घातलेला नसतो.

खात्याच्या परिभाषेंत त्याला ठरीव माप आहे. एखाद्या विभागांतील पर्जन्यमापक केंद्रांपैकीं शेंकडा २५ पर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला तर तो ‘तुरळक ठिकाणीं’; ५० पर्यंत ‘कांहीं ठिकाणीं’; ७५ पर्यंत ‘बऱ्याच ठिकाणीं’, आणि त्याहून अधिक असला तर ‘बहुतेक ठिकाणीं’. म्हणजे चारांतील तीन घरें कोरडीं राहिलीं तरी अंदाज चुकला असें होत नाहीं. मात्र तें चौथें घर कोणाचें, हें सकाळीं कां सांगतां येत नाहीं, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचें उत्तर ढगाच्या जन्मकथेंत आहे.

या दिवसांत पुण्याचें दुपारचें उष्णतामान ३८ अंश सेल्सियसच्या आसपास असतें. काळी जमीन, डांबरी रस्ते व सिमेंटच्या गच्च्या यांच्या सान्निध्यांत हवा तापते, हलकी होते व वर चढूं लागते. चढतां चढतां ती दर १०० मीटरला सुमारें एक अंश थंड होत जाते. परंतु नुसत्या उन्हानें पाऊस पडत नाहीं. तसें असतें तर वळिवाचा मान थरच्या वाळवंटाला मिळाला असता. हवेंत ओलावा लागतो. तो घाट ओलांडून येणाऱ्या अरबी समुद्रावरील वाऱ्यांबरोबर येतो, आणि वारे फिरले म्हणजे बंगालच्या उपसागराकडूनही येतो. ज्या उष्णतामानाला हवेंतील बाष्पाचें पाणी होऊं लागतें, त्याला दवबिंदु म्हणतात. हवेचें उष्णतामान व दवबिंदु यांत जितके अंश अंतर, तितके वेळां सव्वाशें मीटर धरले कीं ढगाच्या तळाची उंची ढोबळ मानानें निघते. उष्णतामान ३८ आणि दवबिंदु १८ असेल तर तळ अडीच हजार मीटरवर. दवबिंदु ८ वर उतरला तर तोच तळ पावणेचार हजारांवर जातो, आणि तेथून निघालेले थेंब पुष्कळदां वाटेंतच सुकून जातात. म्हणून ज्या दिवशीं सकाळीं नऊपासूनच घाम अंगाला चिकटून राहतो, त्या दिवशीं आकाश निळेंभोर असलें तरी कुरडयांची चिंता करावी. ओठ फुटविणाऱ्या कोरड्या उन्हाच्या दिवशीं ती फारशी करण्याचें कारण नाहीं.

एवढी तयारी झाली तरी कित्येक दुपारीं ढग फुलतात आणि तसेच विरतात. जमिनीपासून एकदोन किलोमीटरवर कधीं कधीं उबदार हवेचा थर झांकणासारखा पसरलेला असतो, व त्याच्याखालीं चढती हवा कोंडून राहते. एखाद्या टेकडीवर किंवा अधिक तापलेल्या माळावर हें झांकण फुटलें म्हणजे हवा उसळून वर जाते. बाष्पाचें पाणी होतांना सुटणारी उष्णता तिला आणखी बळ देते, आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दिसणारा ढग तासाभरांत १२ ते १५ किलोमीटर उंची गांठूं शकतो. सुमारें पांच किलोमीटरच्या वर पाणी गोठण्याइतकी थंडी असते. तेथें बर्फाचे कण व लहान गारा एकमेकांवर आदळून विद्युद्भार वेगळे होतात. ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरलेला दिसला, म्हणजे तो पूर्ण वाढला असें समजावें.

अशा एकट्या ढगाचें आयुष्य मात्र अर्ध्या-पाऊण तासाचें. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेंत अंशतः सुकतो, ती हवा थंड व जड होऊन वेगानें खालीं येते आणि जमिनीवर चहूंकडे पसरते. पावसाआधीं दारें-खिडक्या आपटविणारा, धुरळा उडविणारा वारा तो हाच. ढगाची चढती हवा त्यामुळें तुटते व ढग मरतो. परंतु तोच गार वारा पुढच्या पेठेवरील गरम हवेखालीं पाचरीसारखा शिरून तिला वर ढकलतो, आणि तेथें नवा ढग उभा राहतो. अशा रीतीनें वळीव उड्या मारीत जातो. मधली एखादी आळी सुटली तर त्यांत कोणाचा दोष नसतो.

पहाटे सोडलेल्या फुग्यांवरील यंत्रांनीं वरच्या हवेची स्थिति कळते, व दिवस वळवाचा आहे कीं नाहीं हें बरेंचसें ठरवितां येतें. ढग उठल्यानंतर तो रडारवर दिसतो, आणि पुढील दोनतीन तासांची सूचना देतां येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें मोबाईलवरील साधन जवळपास पडणाऱ्या विजांची खबर देतें. दुपारीं अशा दिवशीं सकाळच्या अंदाजावर विसंबून न राहतां ही ताजी सूचना पाहणें अधिक फायद्याचें.

कुरडया भिजल्या तर नुकसान थोडक्यांत भागतें. विजेचें तसें नाहीं. भारतांत तिनें दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें दगावतात, आणि त्यांत शेतावर काम करणारीं पुष्कळ असतात. पाऊस आला कीं आंब्याखालीं धांवण्याची जुनी संवय फार घातक आहे, कारण उंच झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या माणसावर उडी घेते किंवा जमिनींतून त्याच्या पायांपर्यंत पोंचते. पक्कें घर किंवा बंद मोटारगाडी हाच आसरा. ध्वनि तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर जातो. तेव्हां वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत आंकडे मोजावे, आणि तीस सेकंद भरण्यापूर्वींच आवाज आला तर गच्चीवरचें काम तसेंच टाकून खालीं यावें. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हां वर जाऊं नये. पाऊस थांबून ऊन पडलें तरीही, कारण वीज ढगापासून दहा किलोमीटरपर्यंत दूर, अगदीं कोरड्या जागींही पडूं शकते.