इग्रीजस : साधीसुधी नव्हे, ढळढळीत चूक

इंग्रजी अग्रलेखांत आणि कोर्टाच्या निकालांत हे विशेषण हमखास भेटतं. उच्चार करताना जोर मधल्या ‘ग्री’वर द्यायचा. अर्थ : डोळ्यांत खुपेल इतकं वाईट, अक्षम्य.

‘बॅड’पेक्षा हे कितीतरी जहाल. यात ठपका असतो. चूक इतकी उघड, की करणाऱ्याला ‘लक्षातच आलं नाही’ म्हणायची सोय उरत नाही.

कसं वापरायचं? बेरीज करताना एक आकडा चुकला, ती साधी ‘मिस्टेक’. ऑडिटरने लेखी बजावूनही खोटी बिलं मंजूर केली, तर ते ‘इग्रीजस व्हायोलेशन’. एरर, अब्यूज, ब्रीच या नामांशी त्याची चांगली जोडी जमते. चहा पांचट झाला म्हणून मात्र हे विशेषण काढू नका, हसं होईल!

गंमत त्याच्या जन्मात आहे. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा तो इग्रीजस, म्हणजे चक्क कौतुक! सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ते चांगल्या अर्थानेही चालायचं आणि वाईटही. बहुधा उपरोधाने वापरता वापरता वाईट अर्थ चिकटला आणि चांगला मागे पडला. इटालियनमध्ये मात्र मान अजून शाबूत आहे. तिथल्या औपचारिक पत्राचा मायना आजही ‘एग्रेजो’ने सुरू होतो.

ओला-सुका कचरा ‘सेग्रिगेट’ करतो ना आपण? त्यातही हाच कळप दडलाय.

‘ग्रेक्स’च्या गोतावळ्यातले आणखी शब्द सुचतायत? कमेंटमध्ये लिहा.

#शब्दांच्या_गोष्टी