घरगुती बायोडिझेलचे शुद्धीकरण : प्रक्रिया व परीक्षण

प्रस्तावना :
कोल्हापुरातील खानावळी, भजी-वड्यांच्या गाड्या व फरसाणाचे कारखाने यांतून तळणाचे तेल नित्य उरते. एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यासाठी वापरण्यास १ जुलै २०१८ पासून प्रतिबंध आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे तेल बायोडिझेलकडे वळविण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ‘रुको’ उपक्रम सुरू केला. महाविद्यालयीन प्रकल्पासाठीही हा विषय सोयीचा आहे. मात्र तयार झालेला पारदर्शक द्रव तसाच मोटारीच्या टाकीत ओतणे घातक ठरते. त्याची कारणे व उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अशुद्धी व त्यांचे परिणाम :
तेल व मिथेनॉल यांच्यात क्षारीय उत्प्रेरकामुळे अभिक्रिया होऊन मेथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, आणि ग्लिसरीन तयार होते. ग्लिसरीन तळाशी बसते. परंतु त्याचा अंश, साबण, मिथेनॉल व उत्प्रेरक वरच्या थरात राहतात. साबण व ग्लिसरीन यांमुळे फिल्टर तुंबतो, सोडियममुळे इंजेक्टरवर राखेचे थर साचतात, मिथेनॉल रबरी भागांना अपाय करते, तर पाण्यामुळे गंज चढतो. म्हणूनच आयएस १५६०७ या भारतीय मानकात मुक्त ग्लिसरीन ०.०२ टक्के, मिथेनॉल ०.२० टक्के, सोडियम व पोटॅशियम मिळून ५ मिलिग्रॅम आणि पाणी ५०० मिलिग्रॅम प्रतिकिलो अशा कमाल मर्यादा आहेत.

शुद्धीकरणाचे टप्पे :
१) पूर्वपरीक्षण : सुमारे २० ते २२ अंश सेल्सिअस तापमानाच्या २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर नमुना मिसळावा. तळाशी तेल साचल्यास अभिक्रिया अपूर्ण आहे असे समजावे. हा दोष धुण्याने जात नाही. अभिक्रियाच पुन्हा करावी लागते.
२) धुणे : ग्लिसरीन काढून टाकल्यावर कोमट पाण्याचा हलका फवारा द्यावा. आरंभीच जोराने ढवळल्यास साबणामुळे पायस बनतो व थर वेगळे होत नाहीत. विंधनविहिरीचे दुष्फेन पाणी अविद्राव्य साबण निर्माण करते, म्हणून ते टाळावे. निघणारे पाणी स्वच्छ व उदासीन होईपर्यंत ही क्रिया पुन्हा करावी.
३) वाळविणे : बायोडिझेल हवेतील बाष्प शोषते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. धुतलेले इंधन मंद तापवून पाणी घालवावे, गाळावे व बंद भांड्यात ठेवावे.

पाण्याऐवजी मॅग्नेशियम सिलिकेट किंवा आयन-विनिमय रेझिन वापरूनही शुद्धीकरण करता येते.

दक्षता :
मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. त्याची वाफ बंद खोलीत साठू देऊ नये. धुण्याच्या पाण्यात साबण, क्षार व मिथेनॉल असते. ते गटारात सोडणे म्हणजे पंचगंगेच्या प्रदूषणात भर घालणे होय.

समारोप :
स्वच्छ दिसणे म्हणजे शुद्ध असणे नव्हे. आम्लमूल्य व साबणाचे प्रमाण अनुमापनाने आपल्याच प्रयोगशाळेत काढता येते. ग्लिसरीन व धातू यांसाठी मात्र उपकरणे लागतात. उच्च दाबाच्या आधुनिक डिझेल इंजिनात सूक्ष्म अशुद्धीही महागात पडते. यास्तव संपूर्ण तपासणी होईपर्यंत असे इंधन प्रयोगशाळेतील जुन्या स्थिर इंजिनापुरतेच मर्यादित ठेवणे श्रेयस्कर होय.