*राखणीच्या कुत्र्यालाही शेड्यूल हवं: खाणं, लसी आणि डॉक्टर*



ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. बेसल डोस, पेस्टिंग, डाऊनीचे स्प्रे यांचे संदेश नेहमीप्रमाणे येत राहतील. आजचा संदेश पिकाचा नाही, वस्तीवरच्या कुत्र्याचा आहे.

त्याची कारणं दोन. आपल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात बागा बघत फिरताना हल्ली पिकाआधी कुत्र्याचाच प्रश्न येतो. "मॅडम, हा दोन दिवस खात नाही", "गोचीड काही केल्या जात नाही", "कुठल्या डॉक्टरला दाखवू?" आणि दुसरं, २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास बऱ्याच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत कुत्र्यांना रेबीजची लस मोफत देतात. आपल्या दवाखान्यात आजच फोन करून तारीख विचारा.

मी कृषी पदविकाधारक आहे, जनावरांची डॉक्टर नाही. म्हणून या संदेशात औषधाचा डोस कुठेही दिलेला नाही. तो कुत्र्याचं वजन बघून पशुवैद्यच ठरवतील. काय टाळायचं, काय वेळेवर करायचं आणि डॉक्टर कसा निवडायचा, एवढंच सांगते.

मूळ दुखणं असं आहे की आपल्याकडे कुत्रा उरल्यासुरल्यावर जगतो. उरलेली भाकरी, उरलेला रस्सा, गाईचं उरलेलं इंजेक्शन, पंपातलं उरलेलं औषध. बागेच्या प्रत्येक फवारणीची तारीख आपल्या डायरीत असते. पण कुत्र्याला लस कधी दिली असं विचारलं की उत्तर येतं, "पिल्लू होता तेव्हा दिली होती, बहुतेक." हे 'बहुतेक' माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

*१) रेबीज: इथे चुकीला माफी नाही*

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही, ना कुत्र्याला ना माणसाला. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यामुळेच होतो. आणि लस वेळेवर दिली तर तो पूर्ण टाळता येतो.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, आणि पुढे दरवर्षी एक. कुत्रा मळ्यातच असतो, गावात जात नाही, हे कारण चालणार नाही. कोल्हा, मुंगूस, भटकी कुत्री मळ्यात येतातच.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, असं दिसलं की आपण म्हणतो "घशात हाड अडकलं" आणि तोंडात हात घालतो. *तोंडात हात घालू नका.* ते रेबीजचं लक्षण असू शकतं. गाई-म्हशीचंही तसंच. लाळ गळतेय आणि विचित्र हंबरतेय म्हणून घशात काही अडकलंय का बघायला हात घालणं धोक्याचं आहे. जनावर वेगळं बांधा आणि डॉक्टरांना बोलवा.

कुत्रा चावला किंवा नुसतं खरचटलं तरी:
▪️ वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून.
▪️ हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका.
▪️ त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे लस मोफत मिळते. डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखांना डोस घ्या, मधला एकही चुकवू नका.
▪️ कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, तरीही डॉक्टरांना दाखवायचंच.
▪️ चावलेल्या कुत्र्याला मारू नका. तो १० दिवस नजरेखाली ठेवायचा असतो. पण म्हणून आपले उपचार थांबवायचे नाहीत.
▪️ आपल्याच कुत्र्याला किंवा जनावराला दुसरा कुत्रा चावला, तर त्यालाही त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

*२) पिल्लाच्या लसी आणि जंत*

सहा-आठ आठवड्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपरची एकत्रित लस सुरू होते. साडेतीन-चार महिन्यांपर्यंत तिचे ठरावीक अंतराने डोस असतात. एक डोस देऊन थांबलात तर पिल्लू अर्धवट सुरक्षित राहतं.

पार्वोमध्ये पिल्लू उलट्या करतं, घाण वासाचे रक्ताचे जुलाब होतात, आणि ते दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. 'पोट बिघडलंय, उद्या बघू' म्हणण्याचा हा आजार नाही. ज्या ठिकाणी पार्वोने पिल्लू गेलं तिथल्या मातीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो आणि फिनाईलला दाद देत नाही. फरशी, भांडी ब्लीचच्या द्रावणाने धुवा. त्या जागी नवीन पिल्लू आणायचं असेल तर आधी त्याच्या लसी पूर्ण करा.

जंताचं औषध पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून लागतं. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. हे फक्त कुत्र्यासाठी नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी अंगणात, भाजीपाल्यावर येतात आणि लहान मुलांच्या पोटात जातात.

शेळ्या-मेंढ्यांवाल्यांनी आणि दूधवाल्यांनी दोन पथ्यं पाळा:
▪️ बोकड कापल्यावर कच्चं काळीज, फुप्फुस, आतडी कुत्र्याला टाकू नका. त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी होतो आणि त्याच्या अंड्यांपासून माणसाच्या काळजात, फुप्फुसात तशाच गाठी होतात.
▪️ गाय-म्हैस व्यायली की वार कुत्र्याला खाऊ देऊ नका, खोल पुरा. गाभडण्याचा एक आजार कुत्र्याच्या विष्ठेतून वैरणीत आणि तिथून गाईत येतो. वैरणीवर कुत्र्याला झोपू देऊ नका.

*३) खाणं: भाकरी-दूध पुरत नाही*

नुसत्या भाकरी-दुधावर पोट भरतं, अंग भरत नाही. भाकरी, भात राहू द्या, पण रोज त्यात उकडलेलं अंडं, हाड काढलेलं उकडलेलं चिकन, साधं वरण किंवा दही यापैकी काहीतरी असावं. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होत असतील तर बंद करा. मोठ्याला दोन वेळा, पिल्लाला तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी. पाण्याचं भांडं सावलीत, रोज धुतलेलं.

प्रकृती बघायची सोपी खूण: बरगड्यांवरून हात फिरवा. हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येऊ नयेत.

हे देऊ नका:
▪️ *द्राक्ष आणि बेदाणा.* यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती मणी म्हणजे धोका याचा ठरावीक आकडा नाही. "आमचा दरवर्षी खातो, काही होत नाही" असं बरेच जण म्हणतात. काहींना सोसतं, काहींना नाही, आणि आपला कुठल्या जातीचा हे किडनी गेल्यावरच कळतं. हार्वेस्टिंगला वेलीखाली पडलेले घड रोज उचला, बेदाण्याजवळ कुत्रा सोडू नका. खाल्लं असेल तर उलटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.
▪️ *कांदा-लसूण.* कच्चा असो की शिजलेला, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून उरलेला रस्सा नको. परिणाम काही दिवसांनी दिसतो: थकवा, पांढऱ्या हिरड्या, गडद लघवी.
▪️ शिजलेली हाडं, विशेषतः कोंबडीची. ती टोकदार फुटतात आणि आतडं फाडतात.
▪️ चॉकलेट, चहा-कॉफीची पावडर.

*४) छाटणीच्या काळातली विषं*

हा भाग नीट वाचा, कारण येत्या महिन्यात हे सगळं आपल्या शेडमध्ये उघडं असणार आहे.

▪️ *एरंडी पेंड.* बेसल डोसला आपण वापरतो. तिच्यात रिसिन नावाचं जालीम विष असतं. कुत्र्याला तिचा वास आवडतो, बोनमील मिसळलेलं असेल तर जास्तच. पोती बंद ठेवा, पेंड टाकल्याबरोबर मातीआड करा.
▪️ *पेस्टिंगचं हायड्रोजन सायनामाईड.* उरलेलं द्रावण बादलीत, डब्यात ठेवू नका. कुत्रा तहानेला ते पिऊ शकतो.
▪️ *उंदराचं औषध.* झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की विषारी वायू तयार होतो. कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, उलटीचा वास घेऊ नका. ब्रोमॅडिओलोनचा प्रकार उलटा: खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो, मग आतून रक्तस्राव सुरू होतो. खाल्ल्याचं कळल्याच दिवशी नेलं तर त्यावर उतारा आहे.
▪️ *जुन्या कीटकनाशकांचे डबे.* लाळ, थरथर, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या ही विषबाधेची लक्षणं. अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा.

विषबाधेत मिठाचं पाणी, तेल, दूध पाजू नका. *डबा किंवा पाकीट सोबत घेऊन जा.* लेबलवर औषधाचं मूळ नाव आणि उतारा छापलेला असतो. डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

*५) गोचीड*

गोचिडाने नुसती खाज येत नाही, ताप येतो. कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासून याचं निदान होतं आणि वेळेवर उपचार झाले तर कुत्रा बरा होतो.

पिकावरचं कीटकनाशक कुत्र्याला चोळू नका. तो अंग चाटतो, सगळं पोटात जातं. गाईचं गोचिडाचं इंजेक्शनही अंदाजाने टोचून घेऊ नका. ताकद जास्त असते, आणि काही जातींच्या कुत्र्यांना त्याने झटके येतात. तापासाठी आपल्या घरातल्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्याही नकोत. कुत्र्याचा निवारा, भिंतीच्या फटी, गोठा यांचाही बंदोबस्त एकाच वेळी करावा लागतो, नाहीतर आठवड्यात गोचीड परत येतं.

*६) डॉक्टर कसा निवडायचा*

कुत्रा धडधाकट असताना निवडा. रात्री अकराला शोधाशोध केली तर जो फोन उचलेल तोच डॉक्टर ठरतो. लसीच्या निमित्ताने एकदा जाऊन या आणि हे बघा:

▪️ पशुवैद्यकाची पदवी आहे का, आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी आहे का. विचारायला लाजू नका. औषध घेताना आपण दुकानदाराकडे पक्कं बिल मागतोच.
▪️ कुत्री नेहमी बघतात का. गाई-म्हशींचा हात चांगला असलेले प्रत्येक डॉक्टर कुत्री बघतातच असं नाही, आणि चांगले डॉक्टर हे स्वतःच सांगतात.
▪️ लस फ्रीजमधून काढतात का. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. रेतनाची कांडी नायट्रोजनच्या कॅनबाहेर राहिली तर गाय गाभण राहत नाही, तसंच हे. मेडिकलमधून आणून खिशात ठेवलेल्या लसीचा भरवसा नाही.
▪️ औषध देण्याआधी वजन करतात का, ताप बघतात का, हिरड्या बघतात का.
▪️ कार्डावर तारीख लिहून लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवतात का.
▪️ खर्च आधी सांगतात का, आणि आपल्या हाताबाहेरची केस असेल तर पुढे पाठवतात का.

शक्यतो दोन नंबर मोबाईलमध्ये ठेवा: एक जवळचा, लगेच पोहोचता येईल असा, दुसरा रक्त तपासणी आणि सलाईनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्याचा, आपल्याकडून बहुधा नाशिकचा. सरकारी पशुवैद्यकीय सेवेसाठी टोल फ्री क्रमांक *१९६२* आहे. फिरत्या दवाखान्याची गाडी आपल्या भागात कधी येते ते त्यावर विचारून ठेवा.

*डायरीत आज एवढं लिहा*

फवारणीच्या डायरीत एक पान कुत्र्यासाठी काढा:
✅ रेबीज लस: मागची तारीख / पुढची तारीख
✅ पार्वो-डिस्टेंपर लस: मागची / पुढची
✅ जंताचं औषध: दर तीन महिन्यांची तारीख
✅ वजन
✅ दोन डॉक्टरांचे नंबर

मागची तारीख आठवत नसेल तर तिथे 'बहुतेक' लिहू नका. दिलीच नाही असं समजून या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. छाटणीचे मजूर आणि त्यांची लहान मुलं वस्तीवर यायच्या आत हे व्हायला हवं. कुत्र्याजवळ सगळ्यात आधी तीच मुलं जातात.

काही शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा, कुत्र्याचा फोटो असेल तर तोही. डॉक्टरांना विचारून उत्तर कळवते. आणि हा संदेश वस्तीवरच्या ज्या शेजाऱ्याकडे कुत्रा आहे त्याला पुढे पाठवा. तो आपला सभासद नसला तरी चालेल, त्याचा कुत्रा आपल्याच बांधावरून फिरतो.

आपली,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी