गोष्टीतून शिकवूया भावनांचे शब्द

जठारपेठेतल्या, खरं तर सगळ्या अकोल्यातल्या आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी ही पोस्ट.

तीन-चार वर्षांचं लेकरू आदळआपट करतं, तेव्हा बऱ्याचदा मनातलं सांगायला त्याच्याजवळ शब्दच नसतो. राग, भीती, हेवा, हिरमोड यांतला फरक त्याला गोष्टीतून छान कळतो.

आपली चिमणी-कावळ्याचीच गोष्ट घ्या.

👉 कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं की थांबा. विचारा, "आता त्याला कसं वाटत असेल?"
👉 "वाईट" एवढंच उत्तर आलं तर भर घाला: "हो ना, घाबरला असेल. एकटं वाटत असेल."
👉 चिमणी दार उघडत नाही, तेव्हा? इथे राग येतो, चिडचिड होते.
👉 शेवटी विचारा, "तुला असं कधी वाटलं होतं?" उत्तराला चूक-बरोबर म्हणू नका.

असं प्रश्न विचारत वाचलं की मुलांची भाषा वाढते, हे अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अभ्यासातून दाखवलं.

📚 पुस्तकं हवीत? साहित्य अकादमीचा २०१४ चा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत.

आज झोपताना एक गोष्ट वाचा, एक प्रश्न विचारा. लेकरानं काय उत्तर दिलं, ते खाली नक्की लिहा!