जुन्या डिझेलचा चढता भाव

सरकारी कार्यालयाच्या आवारात कडुनिंबाखाली टायर बसलेली, जमिनीत रुतलेली जीप खानदेशात कुणी पाहिली नाही? दुरुस्तीचं बिल मंजूर झालं नाही की ती तिथेच उभी राहायची. पुढे कधीतरी निर्लेखन व्हायचं, जाहीर लिलावाची नोटीस लागायची, 'जसे आहे तसे' या अटीवर बोली व्हायची आणि गाडी धुळ्या-जळगावच्या एखाद्या गॅरेजात जायची. पंप कॅलिब्रेट करून, नोझल बदलून, नवं हूड चढवून तीच जीप चोपडा-शिरपूरकडे बाजारकरी वाहायला पुन्हा तयार!

ही वाट आता बंद झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात मोडीतच काढावी लागते. नगरपालिका, पंचायती, महामंडळं सगळी या नियमात आली. जुन्या डिझेल गाड्यांचे भाव का चढले असं कुणी विचारलं, तर आपल्या भागापुरतं मी पहिलं कारण हेच सांगेन. गिऱ्हाईक वाढलं हे खरं, पण त्याआधी माल आटला.

गिऱ्हाईक वाढलं त्याचं मूळ थोडं लांब आहे. मर्सिडीजची डब्ल्यू १२३ ही मालिका १९७६ ते १९८५ या काळात निघाली. जवळपास २७ लाख गाड्या बनल्या. त्यातल्या नीट राखलेल्या डिझेल गाड्यांवर युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत हौशी लोक आता चढाओढीनं बोली लावतात. मर्सिडीजच्या जुन्या डिझेलचा टिकाऊपणा सांगताना ग्रीसमधल्या एका टॅक्सीचा दाखला हमखास दिला जातो. १९७६ची ती २४० डी इंजिनं बदलत बदलत ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४मध्ये कंपनीच्या संग्रहालयात जाऊन बसली.

आता खानदेशी वाचकानं कान टवकारावेत. त्या २४० डीमध्ये जे ओएम ६१६ इंजिन होतं, तेच पुण्याच्या बजाज टेम्पोनं परवान्याखाली इथे बनवलं आणि मॅटाडोर, ट्रॅक्स या गाड्यांत बसवलं. म्हणजे जगभरचे शौकीन ज्या इंजिनासाठी पैसे मोजतात, त्याच इंजिनाच्या गाडीत आपली माणसं कोंबड्या, केळीचे घड आणि लग्नाची वऱ्हाडं घेऊन सातपुड्याच्या पायथ्यानं फिरली. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन होतं. या इंजिनांत संगणक नाही, सेन्सर नाहीत. डिझेलमध्ये हवा धरली तर हातपंप मारून ती काढायची, हीटर प्लग तपासायचे, की गाडी सुरू. अजिंठा चौफुलीजवळच्या मिस्तरीला हे डोळे मिटून जमतं, आणि भावाला खरा आधार या हातांचा आहे.

जाणता गिऱ्हाईक गाडी बघायला सकाळी लवकर येतो, इंजिन थंड असताना. स्टार्टर किती वेळ फिरला, पहिला धूर पांढरा की काळा, हे बघतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतो. तिथून धुराचा फुफाटा आला तर पिस्टन-रिंगांचं काम निघालंच. मग खाली वाकून चेसिसवरचा गंज पोचऱ्यानं पुसतो, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि उमटलेला छाप आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. एक आकडा हुकला तर सौदा तिथेच मोडतो. पेट्रोलच्या गाडीत मागाहून डिझेल इंजिन बसवलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर शहाणा माणूस हातच लावत नाही.

कागदांचा हा धाक वाजवी आहे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' ठरते आणि तिला वेगळी नोंदणी मिळते. आपल्या ट्रॅक्स आणि एमएम ५४० त्या वयाच्या अजून झालेल्या नाहीत. त्या सध्या साध्या जुन्या गाड्यांत मोडतात: दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, वर पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला फेरनोंदणीचं शुल्क १०,००० रुपये. धूर ओकणाऱ्या गाडीला जरब हवीच. पण नीट ट्यून केलेली, वर्षाकाठी थोडीच धावणारी जीप आणि रोज धूर सोडत भाडं मारणारी गाडी यांना एकाच मापानं मोजणं मला अन्यायाचं वाटतं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा निदान हळहळ तरी झाली. इथल्या काळ्या-पिवळ्या जीपा कुणाच्या लक्षातही न येता कापल्या जात आहेत.

जिल्हा परिषदांनी मोडीत निघणाऱ्या गाड्यांपैकी एखादी तरी नियमात बसवून, नोंदणी नसली तरी प्रदर्शनापुरती, जपून ठेवावी. आणि वाचकहो, तुमच्या वाड्यात किंवा मळ्यात आजोबांची अशी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला होकार देण्याआधी आरसीची मुदत तपासा आणि ती संपण्याआधी फेरनोंदणी करून घ्या.