कोकणच्या हवेतले काडतूस

कोलाड परिसरात परवान्याची बंदूक म्हटली की पीकसंरक्षणाची बंदूक डोळ्यांपुढे येते. रानडुकरांपासून भात वाचवायला घेतलेली आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागणारी. कुंडलिकेकाठच्या फार्महाऊसवर राहणाऱ्याला स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर हवे असेल, तर त्याचा अर्जही अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातो. परवाना हाती पडला की प्रश्न येतो, गोळी कोणती घ्यावी?

अमेरिकेत या प्रश्नाने मोठे शास्त्र उभे केले. 1986 साली मायामीत एफबीआयचे दोन अधिकारी चकमकीत मारले गेले. हल्लेखोराला लागलेली एक गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर प्रमाणित चाचण्या सुरू केल्या. जाड कपडे, प्लायवूड, गाडीची काच भेदूनही गोळी 12 ते 18 इंच आत जायला हवी, असा दंडक ठरला.

आपल्याकडे निवडीला एवढा वाव नाही. 9 मिमी हा सर्वसाधारण परवानाधारकासाठी निषिद्ध बोर. म्हणून हाती येते ते बहुधा .32 चे रिव्हॉल्व्हर आणि त्याचे काडतूस पुण्याजवळच्या खडकीचे. हा दारूगोळा कारखाना 1869 चा. काडतुसाची शिशाची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास. 9 मिमीच्या तुलनेत तिची ऊर्जा तिसऱ्या हिश्शाहूनही कमीच भरते. पोकळ टोकाची गोळी फुलायला वेग लागतो. एवढ्या वेगात ती भरवशाने फुलत नाही. त्यामुळे गोळीच्या आकारावर वाद घालण्यापेक्षा काडतूस दर वेळी उडते का, हे पाहणे माझ्या मते कितीतरी महत्त्वाचे.

इथे कोकणचा पाऊस आड येतो. चार महिने भिंती ओलसर, कपाटात बुरशी. कातडी पट्ट्यात काडतुसे खोचून ठेवली की कमावलेल्या चामड्यातली आम्ले पितळेला लागतात आणि कडेला हिरवा थर चढतो. तळाच्या टोपीपाशी (प्रायमर) ओल शिरली तर घोडा पडूनही बार होत नाही. हिरवी पडलेली, चेपलेली काडतुसे सरळ बाजूला काढावीत. घासूनपुसून पुन्हा भरू नयेत. काडतुसे मूळ खोक्यात, कोरड्या हवाबंद डब्यात ठेवावीत आणि जुनी आधी सरावात संपवावीत.

सराव मात्र शेताच्या बांधावर नव्हे. निष्काळजी किंवा जल्लोषाच्या गोळीबाराने दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अधिकृत रेंजवरच जावे आणि घरात भरायची त्याच खोक्यातली काही काडतुसे तिथे उडवून पाहावीत. बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. टोपी उशिरा पेटू शकते. एकाच खोक्यातली दोन काडतुसे फुसकी निघाली, तर उरलेल्यांवर जीव सोपवू नये. ती परवानाधारक विक्रेत्याला दाखवावीत. नवी घेतली की परवान्यावर नोंद होतेच, आणि किती घेता येतील तो आकडाही तिथेच लिहिलेला असतो.