तीच पऱ्हाटी, पुन्हा पुन्हा

दसऱ्याच्या सुमारास वावरात गेलात, की शेजारशेजारच्या दोन पऱ्हाट्या नीट बघा. एक तुमच्या छातीएवढी, बोंडांनी लगडलेली. दुसरी जेमतेम गुडघ्याएवढी. ही मागं का राहिली? झाडाकडं कितीही निरखून बघा, ते काही सांगत नाही. पण आजोबांना विचारा, ते लगेच सांगतील, "अरे, तिथं बी उगवलंच नव्हतं. मागून नांग्या भरल्या, अन् वरून पावसानं ताण दिला." आजोबांना हे कळलं, कारण जूनपासून ते तेच झाड पाहत होते.

मुलांच्या शिकण्याचंही असंच कोडं आहे. पाचवीच्या एकाच वर्गात एक जण घडाघडा वाचतो, दुसरा अक्षराला अक्षर जोडत बसतो. हे अंतर पडलं कधी? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणासाठी स्वयंसेवक २००५ पासून गावोगावी घरी जातात आणि मुलांकडून परिच्छेद, गोष्ट वाचून घेतात. त्यातून पुष्कळ कळतं. पण दर खेपेला मुलं वेगळी असतात. म्हणजे तो दसऱ्याच्या दिवशी काढलेला फोटो झाला. आजोबांसारखं कोणी पाहिलं का?

पाहिलं की! आपली पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. ते आणि आंध्र प्रदेश मिळून एकच राज्य होतं, तेव्हा २००२ मध्ये तिथं 'यंग लाइव्ह्ज' हा अभ्यास सुरू झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या या अभ्यासात इथिओपिया, पेरू आणि व्हिएतनामचीही मुलं होती, सगळी मिळून सुमारे १२,०००. आपल्या देशातली ३,०००. त्यातली २,००० तर वर्षाच्या आसपासची, रांगणारी! त्यांची उंची आणि वजन मोजलं, घरची परिस्थिती विचारली. मग २००६, २००९, २०१३ आणि २०१६ मध्ये पुन्हा त्याच मुलांना गाठलं. कुणी कामासाठी गाव सोडलेलं, कुणी शिकायला शहरात गेलेलं. तरी बहुतेक सगळी सापडली. मला तर याचंच सगळ्यात नवल वाटतं.

मुलं पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांना चार चित्रं दाखवत आणि एक शब्द सांगत. बोट ठेवायचं ते बरोबर चित्रावर. गरीब घरच्या मुलांना तेव्हाच कमी शब्द ओळखता येत होते. म्हणजे अंतर पाचवीत पडलेलं नव्हतं. पहिलीच्या बाकावर बसायच्या आधीच ते पडलं होतं.

पण उंची कशाला मोजली? गणिताचा तिच्याशी काय संबंध? संबंध निघाला. पहिल्या वर्षी ज्यांची वाढ खुंटली होती, त्यांना आठव्या वर्षी गणितात कमी गुण मिळाले. मात्र ज्यांची उंची मधल्या काळात भरून निघाली, त्यांनी खुंटलेल्याच राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली उत्तरं दिली. आणि दुष्काळात वाढलेल्या छोट्यांची हुकलेली उंची भरून काढायला शाळेतल्या दुपारच्या जेवणानं मोठा हात दिला. तुमच्या ताटातली खिचडी म्हणजे नांग्या भरणंच की!

त्याच मुलांच्या नोंदींची अशी एक वही आपल्या झरी-जामणी तालुक्यासाठी असावी, असं मला फार वाटतं. घरी कोलामी बोलणारं मूल पहिलीत मराठी पुस्तक उघडतं. त्याला तेव्हा भेटावं. मग तिसरीत. मग पाचवीत, आठवीत. दर खेपेला त्याच मुलाला.